‘हर-टू पॉझिटिव्ह’ म्हणजे काय? घाबरू नका, पण वेळही दवडू नका



स्तनातील गाठीचा तुकडा तपासणीसाठी गेला की काही दिवसांनी एक पाकीट हाती येते. आतला कागद इंग्रजीत असतो. घरातील कॉलेजला जाणारा मुलगा किंवा मुलगी तो वाचू लागते आणि ‘पॉझिटिव्ह’ या शब्दापाशी थबकते. एड्सच्या काळापासून ते अगदी करोनापर्यंत ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे काहीतरी वाईट, असे आपल्या मनात घट्ट बसले आहे. मग तोच कागद घेऊन मंडळी आमच्यासारख्या फॅमिली डॉक्टरकडे येतात आणि विचारतात, “डॉक्टरसाहेब, पॉझिटिव्ह आलंय. म्हणजे आता काही आशा नाही का?”

स्तनाच्या कर्करोगाच्या रिपोर्टमध्ये ‘हर-टू’ नावाची एक ओळ असते. ती पॉझिटिव्ह असणे ही एके काळी खरोखरच वाईट बातमी होती. आज ती तशी राहिलेली नाही. मात्र हा बदल आपोआप होत नाही. तपासणी नीट झाली, योग्य औषध मिळाले आणि ते ठरल्याप्रमाणे पूर्ण झाले, तरच त्याचा लाभ होतो. यातली एक जरी कडी निसटली तरी आजार आपल्या जुन्या स्वभावावर जातो. म्हणून आज या एका ओळीविषयी सविस्तर पाहू.

गाठ दिसायला सारखी, स्वभाव वेगळा

भारतातील स्त्रियांमध्ये आज सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग म्हणजे स्तनाचा कर्करोग. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार आपल्या देशात त्या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले.

या सगळ्या जणींचा आजार एकच असतो असे मात्र नाही. दोन स्त्रियांची गाठ सुपारीएवढीच असते, वय सारखे असते, दोघींवर एकाच पद्धतीची शस्त्रक्रिया होते. तरीही एक जण वीस वर्षांनी नातवंडे खेळवत असते आणि दुसरीचा आजार दोन वर्षांत उलटतो. असे का होते, हा प्रश्न डॉक्टरांना फार काळ सतावत होता.

पूर्वी आमच्या हाती अंदाज बांधण्याची साधने मोजकी होती. गाठ केवढी आहे, काखेतील अवधाणांमध्ये म्हणजे लसिका ग्रंथींमध्ये रोग पोहोचला आहे का, आणि पोहोचला असेल तर किती ग्रंथींत, हे पाहायचे. पुढे संप्रेरकांची म्हणजे हॉर्मोनची तपासणी आली. ही साधने आजही तितकीच महत्त्वाची आहेत. पण ती प्रामुख्याने आजार कुठवर आला आहे ते सांगतात. आजाराला इतका वेग कोण देतो, याचे उत्तर पेशीच्या आत दडलेले होते.

एका पानाच्या वीस झेरॉक्स

आपल्या शरीराच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रे असतात आणि त्यांवर जनुके असतात. जनुक म्हणजे पेशीसाठी लिहून ठेवलेली सूचना. कोणते प्रथिन तयार करायचे ते जनुक सांगते. प्रत्येक जनुकाच्या साधारणपणे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून.

सतराव्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर ‘हर-टू’ नावाचे एक जनुक आहे. ते प्रत्येक स्त्रीत असते, पुरुषांतही असते आणि त्यात काही वावगे नाही. या जनुकाच्या सूचनेनुसार एक प्रथिन तयार होते आणि ते पेशीच्या पृष्ठभागावर जाऊन बसते. घराच्या छपरावर टीव्हीचा अँटेना असतो, तसे समजा. वाढीचे संदेश पेशीच्या आत पोहोचवण्याच्या कामात या अँटेनाचा वाटा असतो. वैद्यकीय भाषेत त्याला ‘रिसेप्टर’ म्हणतात.

आता काही गाठींमध्ये काय घडते, तर पेशी विभागत असताना चूक होते आणि या एकाच जनुकाच्या प्रती वाढत जातात. पुस्तकाचे एक पान चुकून पुन्हा पुन्हा झेरॉक्स व्हावे आणि सगळ्या प्रती त्याच पुस्तकात बांधल्या जाव्यात, तसा हा प्रकार. दोनाच्या जागी दहा, वीस किंवा त्याहूनही अधिक प्रती होतात. यालाच जनुकाचे ‘अॅम्प्लिफिकेशन’ म्हणजे प्रतिवृद्धी म्हणतात. सूचना जास्त झाल्या की प्रथिन जास्त बनते. निरोगी पेशीवर असे रिसेप्टर काही हजारांत असतात. प्रतिवृद्धी झालेल्या पेशीवर ते लाखांच्या घरात जातात.

इतकी दाटी झाली की हे रिसेप्टर एकमेकांना चिकटून जोड्या करतात आणि बाहेरून कोणताही निरोप आलेला नसताना आत ‘वाढ, विभाग’ असा संदेश देत राहतात. दाराची बेल अडकली की कोणी दाबत नसतानाही ती वाजत राहते, तसेच हे. पेशी थांबायचे विसरते. अशी गाठ लवकर वाढते, लवकर पसरते आणि उपचारांनंतर उलटण्याची शक्यताही तिच्यात अधिक असते. जे जनुक असे बिघडल्यावर कर्करोगाला हातभार लावते, त्याला ‘ऑन्कोजीन’ म्हणजे कर्कजनुक म्हणतात.

१९८७ साली काय समजले

या जनुकाचा पहिला धागा उंदरांमध्ये सापडला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत डॉ. रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या मज्जासंस्थेच्या गाठींतून ते हाती लागले, म्हणून त्याला ‘न्यू’ असे नाव मिळाले. १९८५ साली मानवातील तेच जनुक शोधले गेले आणि त्याला ‘हर-टू’ म्हटले गेले. काही रिपोर्टवर ‘हर-टू/न्यू’ किंवा ‘सी-अर्ब-बी-टू’ असे लिहिलेले असते. ही सगळी नावे एकाचीच आहेत.

खरी कलाटणी १९८७ साली मिळाली. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे डॉ. डेनिस स्लॅमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या १८९ गाठी तपासल्या. त्यांपैकी ३० टक्के गाठींमध्ये या जनुकाच्या प्रती वाढलेल्या होत्या, कुठे दुप्पट तर कुठे वीस पटींहून अधिक. ज्यांच्या काखेतील ग्रंथींत रोग पोहोचला होता, अशा रुग्णांत जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतील तर आजार लवकर उलटत होता आणि आयुष्यही कमी मिळत होते. त्या काळी वापरात असलेल्या बहुतेक खुणांपेक्षा ही खूण अधिक नेमके भाकीत करत होती.

पुढे मोठ्या संख्येने तपासण्या झाल्यावर हे प्रमाण साधारण १५ ते २० टक्के असल्याचे दिसले. म्हणजे स्तनाचा कर्करोग झालेल्या दर पाच-सहा जणींपैकी एकीची गाठ या प्रकारची असते.

वाईट खूणच औषधाची खूण झाली

येथे एक गोष्ट समजून घ्या. काही तपासण्या ‘पुढे काय होईल’ ते सांगतात. काही तपासण्या ‘कोणत्या औषधाला आजार दाद देईल’ ते सांगतात. हर-टू सुरुवातीला पहिल्या प्रकारची तपासणी होती. तेव्हा ती कळून रुग्णाचा फायदा थोडा आणि काळजी मोठी. पण संशोधकांनी विचार केला, की ज्या अँटेनावर या पेशी एवढ्या विसंबून आहेत, तोच बंद केला तर?

त्यातून ‘ट्रास्टुझुमॅब’ हे औषध तयार झाले. हे नेहमीच्या किमोथेरपीसारखे औषध नव्हे. ते एक प्रतिपिंड म्हणजे अँटिबॉडी आहे. ते हर-टू रिसेप्टरला जाऊन चिकटते, त्याचा संदेश रोखते आणि शरीराच्या संरक्षक पेशींना त्या पेशीचा पत्ता देते. ज्या पेशीवर हे रिसेप्टर खच्चून भरलेले आहेत, तिच्यावर त्याचा जोर चालतो. सप्टेंबर १९९८ मध्ये अमेरिकेत पसरलेल्या आजारासाठी त्याला मान्यता मिळाली.

२००१ साली ४६९ स्त्रियांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. या सगळ्यांचा आजार शरीरात पसरलेला होता. नुसत्या किमोथेरपीवर त्यांचे मध्यम आयुर्मान २०.३ महिने होते. सोबत ट्रास्टुझुमॅब दिल्यावर ते २५.१ महिने झाले. फरक पाच महिन्यांचा, पण दिशा सापडली. पुढे ‘पर्टुझुमॅब’ हे जोडीचे औषध आले आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ही दोन्ही औषधे किमोथेरपीसह घेणाऱ्या स्त्रियांचे मध्यम आयुर्मान ५६.५ महिन्यांपर्यंत गेले.

त्याहून मोठा लाभ झाला तो आजार पसरण्याआधी औषध दिल्यावर. २००५ साली या अभ्यासांचे निष्कर्ष हाती आले. शस्त्रक्रियेनंतर किमोथेरपीच्या जोडीला हे औषध दिले, तर आजार उलटण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येते, असे दिसले. अमेरिकेतील चार हजारांहून अधिक स्त्रियांच्या दोन अभ्यासांचा एकत्रित हिशेब २०१४ साली प्रसिद्ध झाला. दहा वर्षांनी नुसत्या किमोथेरपीच्या गटात दर १०० पैकी ७५ जणी हयात होत्या. ट्रास्टुझुमॅबच्या गटात ८४. दर शंभर घरांमागे नऊ घरांतली आई वाचली, असा याचा सरळ अर्थ.

आणखी एक अभ्यास मुद्दाम सांगतो. अमेरिकेतील एका मोठ्या कर्करोग रुग्णालयातील, आजार पसरलेल्या २,०९१ स्त्रियांच्या नोंदी तपासून २०१० साली तो प्रसिद्ध झाला. हर-टू निगेटिव्ह असलेल्यांपैकी एका वर्षाने ७५ टक्के हयात होत्या. हर-टू पॉझिटिव्ह असून ट्रास्टुझुमॅब न मिळालेल्यांपैकी ७० टक्के. आणि हर-टू पॉझिटिव्ह असून ट्रास्टुझुमॅब मिळालेल्यांपैकी सुमारे ८७ टक्के. हा जुन्या नोंदींवरचा अभ्यास आहे, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला नव्हे, हे खरे. तरी बोध स्पष्ट आहे. औषध न मिळाल्यास ‘पॉझिटिव्ह’ सर्वांत मागे आणि औषध मिळाल्यास सर्वांत पुढे. भाकीत आता एकट्या जनुकाच्या हाती राहिलेले नाही.

रिपोर्ट कसा वाचावा

ही तपासणी दोन प्रकारे होते. पहिली आय.एच.सी. म्हणजे रंग देऊन करायची तपासणी. गाठीच्या पातळ कापावर विशिष्ट द्रव्य टाकले की हर-टू प्रथिन असलेल्या पेशींच्या कडा तपकिरी दिसतात. त्यावरून गुण देतात.

० किंवा १+ असेल तर निगेटिव्ह.
३+ असेल तर पॉझिटिव्ह.
२+ असेल तर निर्णय अधांतरी. पुढची तपासणी हवी.

ही पुढची तपासणी म्हणजे ‘फिश’. हिच्यात प्रथिन नव्हे, तर प्रत्यक्ष जनुकाच्या प्रती मोजतात. जनुकावर चमकणारे रंगीत ठिपके बसवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते मोजतात. हर-टूचे ठिपके आणि सतराव्या गुणसूत्राच्या मध्यभागाचे ठिपके यांचे गुणोत्तर काढतात. ते २ किंवा अधिक असेल आणि प्रत्येक पेशीत जनुकाच्या सरासरी ४ किंवा अधिक प्रती असतील, तर प्रतिवृद्धी आहे असे समजतात.

आमच्याकडे बऱ्याचदा गाडी २+ वर अडकते. फिशसाठी नमुना मोठ्या शहरात पाठवावा लागतो, खर्च वेगळा असतो, आणि “२+ म्हणजे थोडंसंच आहे, चालेल” असे म्हणून घरचे गप्प बसतात. कृपया असे करू नका. २+ म्हणजे ‘थोडे’ नव्हे. २+ म्हणजे ‘अजून कळलेले नाही’. यांतल्या काही जणी फिशमध्ये पॉझिटिव्ह निघतात आणि त्यांना औषधाची तितकीच गरज असते.

याच कागदावर ‘ई.आर.’ आणि ‘पी.आर.’ ही हॉर्मोनची तपासणी असते. तीही आवश्यक आहे. हर-टू पॉझिटिव्ह असलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास स्त्रिया हॉर्मोनसाठीही पॉझिटिव्ह असतात. त्यांना दोन्ही उपचार घ्यावे लागतात. हॉर्मोनची गोळी सुरू आहे म्हणून इंजेक्शन नको, असे नाही.

तुकडा सांभाळा, ठोकळा जपा

तपासणी कितीही उत्तम असली तरी तुकडाच खराब झाला असेल तर यंत्र काय करणार? काढलेला तुकडा शक्यतो तासाभराच्या आत १० टक्के बफर केलेल्या फॉर्मॅलिनमध्ये पडायला हवा. बाटली मोठी हवी आणि द्रव भरपूर हवा. साध्या पाण्यात, सलाईनमध्ये किंवा स्पिरिटमध्ये तुकडा ठेवू नये. फॉर्मॅलिनमध्ये तो ६ ते ७२ तास राहावा. म्हणजे बसने कोणी जाणारा मिळेपर्यंत आठवडाभर बाटली कपाटात ठेवणेही चूक.

काही वर्षांपूर्वी माझ्या पाहण्यात एक प्रसंग आला. खेड्यातील एका पंचेचाळिशीच्या बाईंची गाठ एका लहान दवाखान्यात काढली. गाठ सलाईनच्या बाटलीत टाकली आणि दोन दिवसांनी नातेवाईक ती घेऊन शहरात गेले. प्रयोगशाळेने कर्करोग आहे एवढे सांगितले, पण नमुना हर-टूच्या तपासणीयोग्य राहिलेला नाही, असे लिहून दिले. गाठ तर निघून गेली होती. दुसरी शस्त्रक्रिया काखेतील ग्रंथींसाठी करावी लागली, त्यांत रोग सापडला आणि त्या तुकड्यावर तपासणी झाली. हर-टू ३+ निघाले. ग्रंथींत काही मिळाले नसते, तर त्या बाईंना कोणते औषध लागू पडेल हे कळलेच नसते.

तपासणीसाठी तुकडा मेणाच्या ठोकळ्यात घालून ठेवतात. त्याला ‘ब्लॉक’ म्हणतात. बोटाच्या पेराएवढा हा ठोकळा म्हणजे रुग्णाची ठेव आहे. पुढे दुसऱ्या रुग्णालयात जायचे झाल्यास रिपोर्टबरोबर ब्लॉक आणि काचपट्ट्याही मागून घ्या. तो उन्हात किंवा गरम जागी ठेवू नका.

आधी चाकू की आधी औषध?

“गाठ आहे ना, मग आधी काढून टाका” असा आपला स्वभाव. दुसऱ्या टोकाला “चाकू लागला की कॅन्सर पसरतो” असे म्हणून झाडपाल्यात सहा महिने घालवणारेही आहेत. हर-टू पॉझिटिव्ह गाठीला सहा महिने फार होतात. आणि सुई घालून तुकडा काढल्याने आजार पसरतो ही भीती मनातून काढून टाका.

पहिले पाऊल म्हणजे जाड सुईने तुकडा काढणे, म्हणजेच ‘ट्रू-कट बायोप्सी’. बारीक सुईच्या तपासणीत फक्त सुट्या पेशी मिळतात. हर-टूसाठी त्या सहसा पुरत नाहीत. तुकड्यावरून गाठ हर-टू पॉझिटिव्ह आहे असे आधीच कळले, आणि गाठ दोन सेंटिमीटरहून मोठी असली किंवा काखेत रोग असला, तर आज अनेकदा आधी किमोथेरपी व हर-टूचे औषध देतात आणि मग शस्त्रक्रिया करतात. कारण औषधाने गाठ कशी विरघळते ते प्रत्यक्ष दिसते. शस्त्रक्रियेच्या वेळी रोगाचा मागमूस उरला नसेल, तर पुढची वाटचाल चांगली असते. थोडा रोग उरला असेल, तर औषध बदलता येते. अशा स्त्रियांना शस्त्रक्रियेनंतर ‘टी-डी-एम-वन’ हे औषध दिल्यास आजार उलटण्याचा धोका ट्रास्टुझुमॅबच्या तुलनेत निम्मा होतो, असे २०१८ साली जाहीर झालेल्या अभ्यासात दिसले. घाईने गाठ आधीच काढून टाकली, तर ही संधी हातची जाते.

आणि गाठ लहान असतानाच आली तर? तीन सेंटिमीटरपर्यंतच्या, काखेत न पोहोचलेल्या हर-टू पॉझिटिव्ह गाठी असलेल्या ४०६ रुग्णांना एकाच किमो औषधाचा बारा आठवड्यांचा सौम्य कोर्स आणि वर्षभर ट्रास्टुझुमॅब देण्यात आले. तीन वर्षांनी ९८.७ टक्के रुग्णांत आजार उलटलेला नव्हता. उपचार हलका आणि फळ चांगले. दुखत नाही म्हणून गाठ लपवणाऱ्या भगिनींनी हा आकडा लक्षात ठेवावा.

वर्षभराचे औषध आणि हृदयाची काळजी

ट्रास्टुझुमॅब सामान्यतः दर तीन आठवड्यांनी, एक वर्षभर देतात. दोन वर्षे देऊन जास्त फायदा होत नाही, हे तपासून पाहिले गेले आहे. ब्रिटनमधील चार हजारांहून अधिक स्त्रियांच्या एका अभ्यासात सहा महिन्यांचा कोर्सही जवळजवळ तेवढाच उपयोगी ठरला. तरीही एक वर्ष हीच आजची रूढ पद्धत आहे. पैशाची अडचण असेल तर मधेच बंद न करता आपल्या कर्करोगतज्ज्ञांशी बोला. किती डोस आणि कोणाला, हे त्यांनीच ठरवायचे.

या औषधाने केस जात नाहीत, उलट्याही फारशा होत नाहीत. पहिल्या डोसला थंडी-ताप येऊ शकतो. खरी काळजी हृदयाची. काही रुग्णांत हृदयाची आकुंचन पावण्याची शक्ती कमी होते. म्हणून औषधाआधी आणि नंतर दर तीन महिन्यांनी टू-डी एको करतात. शक्ती घटली तर औषध थांबवतात आणि बहुतेकदा हृदय सावरते. “मागचा एको चांगला होता, आता कशाला पुन्हा खर्च?” असे म्हणू नका. चालताना दम लागला, पायावर सूज आली किंवा रात्री उशा उंच घ्याव्या लागल्या, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. उपचार चालू असताना आणि संपल्यावर सात महिने गर्भधारणा टाळावी.

खर्चाबाबत. सुरुवातीला हे औषध सामान्य घराच्या आवाक्याबाहेर होते. दागिने मोडून चार डोस घेतले आणि पाचव्याला थांबले, अशी घरे मी पाहिली आहेत. २०१४ पासून भारतात बनलेली याच धर्तीची औषधे मिळू लागली आणि किंमत उतरली. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने ट्रास्टुझुमॅबचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. तरीही खर्च लहान नाही. म्हणून निदान होताच, पहिल्या डोसच्या आधीच, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांमध्ये काय बसते ते रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा. रेशन कार्ड आणि आधार कार्ड बरोबर ठेवा. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात आणि इतर मोठ्या कर्करोग केंद्रांत समाजसेवा विभाग असतो, तेथेही चौकशी करावी.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न : आईला हर-टू पॉझिटिव्ह आहे. मुलीलाही होईल का? तिच्या लग्नात अडचण येईल का?
उत्तर : जनुकाच्या या वाढीव प्रती फक्त त्या गाठीत असतात. आईच्या बाकीच्या शरीरात त्या नसतात, त्यामुळे मुलीला त्या वारशाने मिळत नाहीत. वारशाने येणारी जनुके वेगळी आहेत, त्यांना ‘ब्राका’ म्हणतात. ती थोड्याच घरांत आढळतात. घरात दोन-तीन जणींना किंवा फार तरुण वयात स्तनाचा अथवा बीजांडकोशाचा कर्करोग झाला असेल, तर ब्राकाबद्दल डॉक्टरांशी बोलावे. आईच्या आजाराची माहिती मुलीने स्वतःच्या डॉक्टरांना जरूर द्यावी. स्थळ मोडण्याचे मात्र हे कारण होऊ शकत नाही.

प्रश्न : माझी तपासणी निगेटिव्ह आली. पण हे चांगले औषध आहे तर मलाही द्यावे का?
उत्तर : नाही. ज्या पेशीवर तो अँटेना दाटलेला नाही, तिच्यावर ट्रास्टुझुमॅबचा उपयोग नाही. पैसे जातील आणि हृदयाला धोका होईल. मात्र रिपोर्टवरील नेमका गुण जपून ठेवा. १+ किंवा फिश-निगेटिव्ह २+ असलेल्या आणि आजार पसरलेल्या रुग्णांसाठी २०२२ पासून ‘ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टिकॅन’ हे नवे औषध वापरता येऊ लागले आहे. ते महाग आहे. २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात त्यावरील सीमाशुल्क माफ करण्यात आले.

प्रश्न : उपचार पूर्ण झाले. आता विसरून जावे का?
उत्तर : मन आजारातून बाहेर काढावे, तारखा मात्र विसरू नयेत. ठरलेल्या वेळी तपासणीला जावे. या प्रकारचा आजार पसरलाच तर मेंदूकडे जाण्याचे प्रमाण इतर काही प्रकारांपेक्षा जास्त असते. न थांबणारी डोकेदुखी, उलट्या, दृष्टीत फरक किंवा झटके आल्यास लगेच दाखवावे. आजार उलटला तर शक्य तेथे पुन्हा तुकडा काढून हर-टू आणि हॉर्मोनची तपासणी करतात, कारण गाठीचा स्वभाव बदललेला असू शकतो.

हे लक्षात ठेवा

१. स्तनात गाठ, खड्डा, त्वचेत बदल किंवा स्तनाग्रातून रक्त दिसल्यास दुखण्याची वाट पाहू नका.
२. शस्त्रक्रियेआधी जाड सुईने तुकडा काढून ई.आर., पी.आर. आणि हर-टू या तिन्ही तपासण्या करून घ्या.
३. रिपोर्ट २+ असेल तर फिश केल्याशिवाय निर्णय घेऊ नका.
४. रिपोर्ट, काचपट्ट्या आणि मेणाचा ब्लॉक जपून ठेवा.
५. औषध सुरू करण्याआधीच वर्षभराच्या पैशाची आणि योजनेची व्यवस्था पाहा.
६. दर तीन महिन्यांचा टू-डी एको चुकवू नका.

शेवटी घरातील पुरुषमंडळींना एक विनंती. आपल्याकडे बाई आधी घरातील सगळ्यांचे करते आणि शेवटी स्वतःकडे पाहते. गाठ लागल्याचे ती तुम्हाला सांगेल, तेव्हा बहुधा काही महिने उलटून गेलेले असतात. पेरणी होऊ दे, परीक्षा होऊ दे, लग्न पार पडू दे, असे म्हणून आणखी वेळ घालवू नका. त्याच आठवड्यात तिला दवाखान्यात घेऊन जा, आणि रिपोर्ट आला की हर-टूच्या ओळीपुढे काय लिहिले आहे ते डॉक्टरांना स्वतः विचारा.